डीएचएस ट्रिप आणि रिड्रेस नंबर: बाबांसाठी घेतला, कसा वाटला ते सांगते

ज्यांच्या बोर्डिंग पासवर परत परत एसएसएसएस छापून येतं त्यांनी हे पूर्ण वाचा. बाकीच्यांनी निदान एवढं लक्षात ठेवा की अशी एक सोय आहे, ती फुकट आहे, आणि अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याची ही सेवा आहे, डीएचएस ट्रिप म्हणतात तिला, फेब्रुवारी २००७ पासून चालू आहे, आणि विमानप्रवासात किंवा इमिग्रेशनला तुम्हाला चुकून दुसराच कुणीतरी समजून वारंवार अडवत असतील तर तिथे दाद मागायची, अर्ज केल्यावर जो नंबर मिळतो तो रिड्रेस नंबर. अमेरिकन नागरिकच असायला पाहिजे असं काही नाही, आपल्यासारखे व्हिजिटर व्हिसावाले सुद्धा अर्ज करू शकतात. मला सगळ्यात वाईट वाटतं ते याचं की इतकी वर्षं ही गोष्ट आहे आणि आपल्या लोकांत जवळजवळ कुणालाच माहीत नाही, ट्रॅव्हल एजंटला विचारलं तर तो म्हणतो रँडम असतं हो, सगळ्यांचंच होतं.

सगळ्यांचं होत नाही. एसएसएसएस म्हणजे सेकंडरी सिक्युरिटी स्क्रीनिंग सिलेक्शन, पासवर ही चार अक्षरं असली की तुमची जादा तपासणी होणार हे ठरलेलं. याची पहिली खूण आदल्या दिवशीच मिळते, ऑनलाइन चेकइन होत नाही, काउंटरवर जा असा मेसेज येतो, किऑस्कमधून पण पास निघत नाही. एखाद्या वेळी खरंच रँडम येतं आणि तेवढ्यासाठी काही करायची गरज नाही, पण एकाच माणसाला दरवेळी येत असेल आणि त्याच्या शेजारी त्याच बुकिंगवर बसलेल्या बायकोला कधीच येत नसेल तर त्याला रँडम कसं म्हणायचं?

आमच्या बाबांचं अगदी हेच होतं. बाबा रिटायर्ड शिक्षक, आईबाबा आमच्याकडे अमेरिकेत येतात, इथे आले की भावाकडे पण जातात म्हणजे डोमेस्टिक फ्लाइट आलीच, आणि येताना, जाताना, मधल्या फ्लाइटला, बाबांच्या पासवर ते छापलेलं. काउंटरवरची मुलगी दोघांचे पासपोर्ट घेणार, आईचा पास लगेच काढून देणार, मग स्क्रीनकडे बघत थांबणार, कुणाला तरी फोन लावणार, बाबांचा पासपोर्ट घेऊन आत निघून जाणार. मागे लाइन वाढत चाललेली, लोक बघतायत, आई हळूच विचारतेय "अहो, काय म्हणतायत ते?" आणि बाबा म्हणतायत "काही नाही गं, कागद बघतायत". मग अमेरिकेला येणाऱ्या फ्लाइटच्या गेटवर परत बाजूला घेणार, बूट काढा, पट्टा काढा, हाताच्या तळव्यांवरून तो कापडाचा तुकडा फिरवून मशीनमध्ये घालणार, बॅगेतली प्रत्येक वस्तू बाहेर, फोन चालू करून दाखवा, औषधांच्या पट्ट्या एकेक उचलून बघणार. तपासणारे उद्धट होते असं मी म्हणणार नाही, बरेचसे तर वयाकडे बघून खुर्ची देतात. पण पट्टा काढल्यावर एका हाताने पँट धरून दुसरा हात पुढे करून उभा राहिलेला आपला बाप मी स्वतः बघितलाय आणि ते डोळ्यासमोरून जात नाही.

हे सगळं मनावर घ्यायचं कारण मात्र त्यापेक्षा वेगळं आहे. एकदा परत जाताना मी त्यांची हँडबॅग भरत होते तर आत एक प्लास्टिकची फाइल सापडली. त्यात शाळेचं सेवानिवृत्तीचं पत्र, पेन्शनचे कागद, एका आदर्श शिक्षक पुरस्काराच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स, सगळं नीट क्रमाने लावलेलं. मी विचारलं बाबा हे कशाला, तर म्हणाले "कुणी विचारलंच तर दाखवायला, मी कोण आहे ते." कुणी कधीच ते विचारलं नव्हतं आणि विचारणारही नव्हतं, कारण तो कॉम्प्युटर माणूस कोण आहे ते बघतच नाही, तो नाव, जन्मतारीख असल्या गोष्टी दहशतवादाच्या संशयितांच्या यादीतल्या कुणाशी जुळतात का ते बघतो. पण हे त्यांना कोण सांगणार. त्यानंतरच्या फोनवर म्हणाले पुढच्या वेळी तुम्हीच या इकडे, आम्हाला आता झेपत नाही. गुडघ्यांचं कारण दिलं. गुडघे त्यांचे ठणठणीत आहेत.

तर फॉर्मबद्दल. सरकारी साइटवरूनच भरा, पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही आहे ना ते बघून घ्या, कुणी रिड्रेस नंबर मिळवून देतो म्हणून पैसे मागत असेल तर अजिबात देऊ नका कारण मुळात याला फीच नाही. फॉर्म इंग्रजीत आहे पण अवघड नाही, सुरुवातीला तुमच्या बाबतीत काय घडलं त्याचे पर्याय दिलेले असतात त्यातले लागू होतील ते टिक करायचे, मग नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, पत्ता, पासपोर्टची माहिती, आणि काय घडलं ते थोडक्यात लिहायला जागा. अमेरिकेबाहेरच्या माणसाला पासपोर्टची कॉपी जोडावी लागते. दुसऱ्याच्या वतीने भरता येतं पण त्याची संमती लागते, आणि माहिती खरी असल्याचं जाहीर करून सही करायची असते, म्हणून आईवडिलांचा फॉर्म परस्पर भरून टाकू नका, त्यांना शेजारी बसवा किंवा व्हिडिओ कॉलवर घेऊन एकेक ओळ वाचून दाखवा. घटनेच्या जागी भावना लिहिण्यात अर्थ नाही, कुठली तारीख, कुठला एअरपोर्ट, फ्लाइट नंबर, पासवर एसएसएसएस होतं, ऑनलाइन चेकइन झालं नाही, एवढंच सरळ लिहा. यासाठी जुने बोर्डिंग पास जपून ठेवा म्हणजे झालं. आमची आई प्रत्येक प्रवासाचे पास एका पाकिटात जपून ठेवते, त्याचा इथे सोन्यासारखा उपयोग झाला, फोटो काढून पाठवले तिने.

सबमिट केलं की सात आकडी नंबर मिळतो, तोच रिड्रेस कंट्रोल नंबर, त्याच्यावरून साइटवर अर्ज कुठपर्यंत आलाय ते बघता येतं. नंबर लगेच मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, चौकशी पूर्ण होऊन पत्र येईपर्यंत त्याचा उपयोग धरू नका. वेळ लागतो, आठवडे नाही, महिने धरून चाला. आतमध्ये हे एकट्या खात्याचं काम नसतं, एअरपोर्ट सिक्युरिटीवाले म्हणजे टीएसए, इमिग्रेशन आणि कस्टम्सवाले, व्हिसाचं परराष्ट्र खातं, आणि गरज पडली तर एफबीआयच्या हाताखालचं स्क्रीनिंग सेंटर, जे २००३ साली ही संशयितांची एकच मोठी यादी सांभाळायला काढलं, असे सगळे आपापल्या नोंदी तपासतात.

आणि मग पत्र येतं. ते वाचून काही कळेल अशी अपेक्षा ठेवू नका हे आत्ताच सांगते. तुमचं नाव यादीत होतं का, कुणाशी गल्लत झाली, चूक कुणाची, यातलं एक अक्षर नसतं, अशा यादीबद्दल आम्ही हो पण म्हणू शकत नाही आणि नाही पण म्हणू शकत नाही अशा अर्थाची भाषा असते, आणि पुढे हा नंबर तिकीट काढताना वापरा असं. सगळ्यांनाच साधारण असंच पत्र येतं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले "म्हणजे माझी चूक नव्हती असं कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नव्हतं. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला आपलं कुठे चुकलं ते समजावं असं वाटणारच की.

पण काम झालं! पत्रानंतरच्या फ्लाइटला मी स्वतः तिकीट काढलं, रिड्रेस नंबर टाकला, आणि आदल्या दिवशी बाबांचा पास फोनवर आला, ती चार अक्षरं नसलेला. त्यांनी स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली काही लिहिलं नाही, नुसता पास.

आता खरी मेहनत कुठे आहे ते सांगते, कारण नंबर मिळवणं सोपं आणि तो तिकिटाला चिकटवणं अवघड. हा नंबर पासपोर्टला जोडला जात नाही, प्रत्येक बुकिंगमध्ये दरवेळी टाकावा लागतो. एअरलाइनच्या साइटवर प्रवाशाची माहिती भरताना नोन ट्रॅव्हलर नंबर आणि रिड्रेस नंबर असे दोन रकाने शेजारीशेजारी असतात, बरेचदा ते आणखी माहिती असं काहीतरी लिहिलेल्या बटनाखाली दडलेले असतात, शोधावे लागतात. दोन्ही वेगळे आहेत हां, नोन ट्रॅव्हलर म्हणजे ग्लोबल एंट्री किंवा प्रीचेक या झटपट तपासणीच्या सोयीवाल्यांचा, पैसे भरून घेतलेला, त्याच्या जागी हा टाकला तर काही उपयोग नाही. आम्ही एकदा स्वस्त पडतं म्हणून दुसऱ्या बुकिंग साइटवरून डोमेस्टिक तिकीट घेतलं, तिथे नंबर भरला पण होता, तो एअरलाइनपर्यंत पोचलाच नाही आणि परत एसएसएसएस. एअरलाइनला फोन केला (नाव घेत नाही) तर फोनवरच्या बाईंनी रिड्रेस हा शब्दच ऐकलेला नव्हता, तीनतीनदा स्पेलिंग सांगितलं, मग त्यांनी तो नोन ट्रॅव्हलरच्या जागी टाकला, मग मी परत फोन केला आणि दुसऱ्या माणसाने नीट केला. तेव्हापासून नियम करून टाकलाय, तिकीट एअरलाइनकडूनच, नंबर तिथल्या प्रोफाइलमध्ये सेव्ह, आणि दोन एअरलाइनचं जोडतिकीट असेल तर दुसऱ्या एअरलाइनच्या साइटवर जाऊन तिथे पण नंबर आलाय का ते बघायचं.

मुळात हे का होतं, तर आपल्या नावांची रचना बघा. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव, एजंट तिकिटावर हे सगळं एकत्र चिकटवतो, शेवटी मिस्टरचं एमआर पण त्यातच, लांब नाव असेल तर कापलं जातं. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, त्यांच्या व्हिसावर नावाच्या जागी एफएनयू छापून येतं म्हणजे फर्स्ट नेम अननोन, आणि मग तिकिटावर काय लिहायचं तिथपासून गोंधळ. तारखेचं पण तसंच, आपण आधी दिवस लिहितो आणि अमेरिकन आधी महिना, तीन एप्रिल सहज चार मार्च होतो आणि माणूस बदलतो. म्हणून ट्रिपचा अर्ज करायच्या आधी जुन्या तिकिटांवरचं नाव आणि बुकिंगमधली जन्मतारीख पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, आणि पुढच्या प्रत्येक तिकिटाला तेच करा.

पूर्वी तर नुसत्या नावावर अडवायचे. सिनेटर टेड केनेडींचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण, २००४ मध्ये त्यांना एअरलाइनच्या काउंटरवर परत परत अडवलं कारण कुणा संशयिताने टी. केनेडी असं टोपणनाव वापरलेलं होतं. अख्ख्या अमेरिकेला चेहरा माहीत असलेला माणूस, केनेडी घराण्यातला, त्याला थेट होमलँड सिक्युरिटीच्या मंत्र्यापर्यंत जावं लागलं आणि तरी निस्तरायला काही आठवडे गेले, हे त्यांनी स्वतः सिनेटच्या सुनावणीत सांगितलं. तेव्हा यादी एअरलाइनवाल्यांच्या हातात असायची आणि प्रत्येक एअरलाइन आपापल्या पद्धतीने नावं जुळवायची. मग सिक्युअर फ्लाइट नावाची व्यवस्था आली, २०१० च्या अखेरीपर्यंत सगळ्या एअरलाइन तिच्यात आल्या, आता जुळवणी सरकार स्वतः करतं, पूर्ण नाव, जन्मतारीख, स्त्री की पुरुष आणि असेल तर रिड्रेस नंबर यावरून. तिकीट काढताना ही माहिती इतकी सक्तीने मागतात ती याचसाठी. गल्लत कमी झाली असणार यात शंका नाही, पण संपली नाही, नाहीतर ट्रिपची गरजच उरली नसती.

शाहरुखला अडवलेलं पण आठवत असेल, २००९ मध्ये नेवार्कला, २०१२ मध्ये न्यूयॉर्कजवळ, येल युनिव्हर्सिटीत जायचं होतं तेव्हा, आणि २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला. ते प्रकरण इमिग्रेशनचं, उतरल्यावर आतल्या खोलीत बसवून ठेवतात ते. ट्रिपमध्ये त्याचाही अर्ज करता येतो, म्हणजे तुम्हाला निघताना नाही पण पोचल्यावर दरवेळी आत बसवत असतील तर तो पर्याय टिक करा. मात्र व्हिसा नाकारला, व्हिसा चौकशीत अडकला, सामान हरवलं, यासाठी ही जागा नाही.

इतकं चांगलं सांगून सुद्धा मी पाच स्टार देत नाहीये, त्याचं कारण नुसतं बाबांच्या अनुभवात नाही, कोर्टाच्या निकालांत पण आहे. नावाची गल्लत असेल तर ही सेवा ठीक आहे. पण चुकून खरंच तुमचंच नाव यादीत घातलं गेलं तर? रहिना इब्राहिम नावाची मलेशियाची बाई, स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करत होती, जानेवारी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को एअरपोर्टवर व्हीलचेअरवर होती, ऑपरेशन झालेलं, सोबत मुलगी, आणि तिला बेड्या घातल्या. एकदा अमेरिकेबाहेर गेल्यावर परत येता आलं नाही, व्हिसा रद्द. जानेवारी २०१४ मध्ये कोर्टाचा निकाल आला तेव्हा कळलं की एफबीआयच्या एका एजंटने फॉर्मवरच्या चौकटी सूचनेच्या बरोबर उलट्या भरल्या होत्या. टिक चुकीच्या जागी. नऊ वर्षं गेली त्या एका टिकपायी. तिने पण मधे तक्रार केलेली, तेव्हा ट्रिप चालू व्हायची होती, आणि उत्तर आलं ते असंच मोघम, दुरुस्तीची गरज असेल तिथे दुरुस्ती केली आहे एवढंच. हे वाचलं तेव्हा मला आमच्या हातातल्या पत्राची भाषा लख्ख आठवली, आणि राग आला.

जून २०१४ मध्ये ओरेगनच्या फेडरल कोर्टाने लतीफ खटल्यात स्पष्ट सांगितलं की विमानात बसायला बंदी असलेल्यांना काही न कळवता चालवलेली ही दाद मागायची पद्धत घटनेत बसत नाही. मग २०१५ पासून बदल झाला, बंदी असलेल्या माणसाने अर्ज केला तर हो, तुम्ही त्या यादीत आहात एवढं तरी सांगायला लागले. पण फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना. बाबांसारख्यांना नाही. डिसेंबर २०२० मध्ये तनवीर खटल्यात सुप्रीम कोर्ट एकमताने म्हणालं की एफबीआयच्या एजंटांवर वैयक्तिक नुकसानभरपाईचा दावा लावता येतो, त्या खटल्यातल्या मुस्लिम माणसांचं म्हणणं होतं की खबऱ्या व्हायला नकार दिला म्हणून आमची नावं यादीत घातली. आणि मार्च २०२४ मध्ये फिक्रे नावाच्या माणसाचा खटला, त्याचं नाव यादीतून २०१६ मध्येच काढून टाकलेलं, सरकार म्हणत होतं आता काढलं ना मग खटला संपला, सुप्रीम कोर्टाने परत एकमताने सांगितलं तसा संपत नाही. या सगळ्यांनी आधी रीतसर दारं ठोठावलेली, वर्षानुवर्षं वकील लावून मग कुठे न्याय. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने हे कुठून करायचं?

कॅनडावाल्यांसाठी एक ओळ, तिकडे २०२० पासून अशीच सोय आहे, कॅनेडियन ट्रॅव्हल नंबर, ती पण फुकट. यादीतल्या कुणाशी नाव जुळतं म्हणून लहान लहान मुलांना अडवायचे, त्यांच्या आईवडिलांनी मोहीम चालवून ती मिळवली.

तर माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. दीड कापला तो त्या पत्रासाठी. गल्लत झाली होती, ती तुमची चूक नव्हती, एवढी दोन वाक्यं परदेशी माणसाला लिहून द्यायला सुरक्षेला काय धोका आहे हे मला कुणी पटवून दिलेलं नाही, आणि ती दोन वाक्यं आली असती तर बाबांनी ती फाइल घरी ठेवली असती. अजून नेतात ते ती बरोबर. ज्यांचं तिकीट आधीच काढून झालंय त्यांनी पण अर्ज करून ठेवा, पत्र आलं की एअरलाइनला फोन करून नंबर त्याच बुकिंगमध्ये घालून घेता येतो, फक्त ज्याने घातला त्याच्याकडून तो रिड्रेसच्या रकान्यात घातलाय हे फोन ठेवायच्या आधी वाचून घ्या.